कोणी गेलं नाही, मी नुसती पळतेय

ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायका हल्ली आधी डोळ्यांनी माझंच माप घेतात. दारातून आत आल्या की वरपासून खालपर्यंत बघतात आणि विचारतात, "ताई, कशा काय वाळल्या हो एवढ्या? काय खाता, काय पिता?" त्यातल्या निम्म्यांना वाटतं मला शुगर झाली. उरलेल्यांना वाटतं मी कुठली तरी पावडर घेते आणि नाव सांगत नाही. आमच्या धाड गावात बाई जाड असली की ती खात्यापित्या घरची, आणि बारीक झाली की तिला नक्की काहीतरी लागलंय. मग मी टेप बाजूला ठेवते, त्यांना बसवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. तेच आता लिहून काढतेय, म्हणजे माझा घसाही वाचेल आणि लोकांचं शिवणही वेळेवर होईल.

बाजाराच्या रस्त्याला माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. लग्न झाल्यापासून मी मशीनवर बसलेली आहे. पूर्वी पायानं मशीन चालवायचे तेव्हा निदान पाय तरी हलायचे, मोटर बसवली आणि तेही सुटलं. गिऱ्हाईक आलं की चहा. गिऱ्हाईक जाऊन दुसरं आलं की त्याच्यासाठी चहा, आणि सोबत म्हणून माझाही अर्धा कप. असे अर्धे अर्धे कप दिवसभरात किती होतात ते मी कधी मोजलं नाही. आम्ही शिवणारी माणसं कपड्याच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी माझ्या ब्लाउजांची शिवण उसवायची आणि थोडी थोडी माया बाहेर काढायची. एका वर्षी उसवायला काही उरलंच नाही. तरी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मला जाड म्हणायची धाडमध्ये कोणाची हिंमतही नव्हती, कारण माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ती हिंमत केली औरंगाबादच्या डॉक्टरांनी.

माझा धाकटा भाऊ धाड-बुलढाणा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. आमचं माहेर-सासर दोन्ही धाडमध्येच, मधे फक्त एक नाला. त्यामुळे तो दिवसातून चार वेळा दुकानासमोरून जायचा आणि प्रत्येक वेळी हॉर्न वाजवून मला दचकवायचा. चाळिशी यायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बीपी कधीपासून वाढलेलं होतं, कोणाला पत्ताच नाही. मग आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिस सुरू झालं. जाताना तो स्वतःच्याच जीपमध्ये मागच्या सीटवर बसायचा आणि गाडी त्याचा दोस्त चालवायचा. हा दोस्त मोमीनपुऱ्यातला, माझ्या भावासोबत लहानाचा मोठा झालेला. मला आपा म्हणतो. मागच्या सीटवरून भाऊ त्याला सारखा शिकवायचा, "गियर बदल ना बे, गाडी रडून राह्यली." आणि दोस्त म्हणायचा, "तू गप बैस, पॅसेंजर आहेस."

किडनी बदलायची असं ठरलं तेव्हा देणारं कोण हा प्रश्न आला. आईचं वय झालेलं. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि अगदी सरळ सांगितलं, "तुमच्या किडन्या उत्तम आहेत. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. बीपीही काठावर आहे. बारा किलो तरी कमी करा. उपाशी राहून नाही. जेवून, चालून, जमलं तर पळून. चार-पाच महिने घ्या."

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. "काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणे, बाई जाड आहे."

"हे सांगायले औरंगाबादले यावं लागलं काय? मी धाडातच सांगतलं असतं."

तो हसला, मीही हसले. पण परतीच्या रस्त्यात खिडकीकडे तोंड करून मी सारखा एकच विचार करत होते. माझ्या भावाचं जगणं माझ्या पोटावरच्या, दंडावरच्या, कमरेवरच्या चरबीपाशी येऊन अडलं होतं. पैसा नाही, देव नाही, नशीब नाही, माझी चरबी. मला इतका राग आला स्वतःचा की घरी येऊन मी चहाच केला नाही.

ही गोष्ट आम्ही कोणाला सांगायची नाही असं ठरवलं. गावात किडनी हा शब्द काढला असता तर दर दारातून एक सल्ला आला असता, आणि माझ्या सासूबाईंनी तर अंथरूणच धरलं असतं. मी फक्त नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा शेती करतो आणि बोलायचं काम माझ्यावर सोपवून मोकळा झालेला आहे. तो एवढंच म्हणाला, "दे. पण आधी माळवदावर न थांबता चढून दाखव." मी चढले, आणि वर जाऊन हवा भरायला बसले ती बराच वेळ खाली उतरलेच नाही.

आता बायकांना जे ऐकायचं असतं ते सांगते. पहिले दोन आठवडे मी फक्त चालले. पहाटे बुलढाणा रस्त्यानं जायचं आणि परत यायचं, बस. पळण्याची घाई करू नका, गुडघे लगेच हिशेब मागतात. मग एक विजेचा खांब ते दुसरा खांब एवढंच पळायचं, आणि पुढचे दोन-तीन खांब चालायचं. पळायचं म्हणजे चोर मागं लागल्यासारखं नाही. शेजारी कोणी असेल तर तिच्याशी सासूच्या चुगल्या करता आल्या पाहिजेत, एवढंच हळू. बोलणं तुटायला लागलं की समजायचं जास्त होतंय. मी पहिल्या दिवशी एवढी हळू पळाले की दुधाची कॅन घेऊन चालत निघालेले एक आजोबा मला मागं टाकून गेले. त्यांनी वळून माझ्याकडे दयेनं बघितलंही.

बुटांचं ऐका. बाजारातून मी नेहमीच्या मापाचे बूट आणले आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. पळताना पाय पुढं सरकतो, म्हणून बोट मावेल एवढी जागा पुढं हवी. कपड्यांचं तर मीच सांगणार. साडी कितीही खोचली तरी पळता येत नाही. मी सलवारीचा सगळा घोळ काढून टाकला, खाली घट्ट केली आणि कमरेला चोरखिसा लावला. आणि आतून जाड कापडाची घट्ट बॉडी शिवली. हे पुरुष डॉक्टर सांगत नाहीत, पण भारी अंगाच्या बाईला पळायचं असेल तर सगळ्यात आधी हेच लागतं. आता माझ्याकडे तसल्या बॉडीच्या ऑर्डरी येतात, बायका हळूच कानात सांगतात.

खाण्यात मी जगावेगळं काही केलं नाही. साखरेचा चहा सोडला, हे पहिलं आणि सगळ्यात अवघड. आठवडाभर डोकं दुखलं आणि त्या आठवड्यात ज्यांनी कपडे शिवायला टाकले त्यांनी माझी बोलणीही खाल्ली. भाकरी सोडली नाही, एक कमी केली आणि वरण-भाजी दुप्पट घेतली. भाकरीच्या जोडीला तेलात बुडालेला ठेचा असायचा, तो नुसता कुटून खायला लागले. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकलं. आणि काट्यावर रोज चढले नाही. काटा लहरी असतो, पाणी जास्त प्यालं तरी रुसतो. माझा भरवसा टेपवर. दर रविवारी दंड, छाती, कंबर, आणि आरशात न बघता टेपवर जे येईल ते खरं.

एवढं सगळं जमलं, पण एक गोष्ट जमेना. मला कोणी पळूच देईना.

आमच्याकडे रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे गाडी न मिळालेला माणूस. त्यात मी एका जीपवाल्याची बहीण. त्या रस्त्यावरची प्रत्येक काळी-पिवळी माझ्या भावाच्या दोस्ताची. मी एक खांब पळते न पळते तोच मागून गाडी यायची, ब्रेक लागायचा, आणि आतली माणसं सरकून जागा करायची. "ताई, बसा ना, कुठी जाऊन राह्यल्या?" मी म्हणायची, कुठंच नाही. "मंग पायी काऊन?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी सांगायची, हवा खायला निघाले. तर आतून एखादी म्हातारी म्हणायची, "हवा गाडीतबी लागते माय, ये बैस." एकदा तर एका ड्रायव्हरनं मला बसवूनच घेतलं आणि थेट दुकानासमोर आणून उतरवलं. माझा त्या दिवसाचा व्यायाम म्हणजे जीपमध्ये चढणं आणि उतरणं. मी दुकानाचं शटर एवढ्या जोरात वर केलं की शेजारचा दुकानदार बाहेर आला.

मग थंडीत ती सकाळ आली.

त्या दिवशी धुकं होतं. मी लांबपर्यंत जाऊन गावाकडे परत येत होते आणि पायांना छान लय लागली होती. केसांचा चाप कुठंतरी पडला होता, केस सुटलेले, गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरून बुलढाण्याला निघालेली भरलेली जीप आली. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि ओरडून विचारलं, "ताई, काय झालं?" माझ्याकडे बोलायला श्वास नव्हता. त्याला टाळायला मी नुसता हात गावाकडे केला आणि पळत राहिले.

त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. भाऊ आजारी आहे हे सगळ्या गावाला माहीत, बहीण केस मोकळे सोडून रडत गावाकडे पळतेय. भरलेली जीप तिथल्या तिथं वळली आणि माझ्या बाजूनं जोरात निघून गेली. मला वाटलं, काहीतरी विसरले असतील.

रोजच्यासारखी भावाकडे डोकवायला नाला ओलांडून त्याच्या गल्लीत शिरले तर त्याच्या दारात ही गर्दी. जीपमधली सगळी माणसं उतरलेली, बायकांनी पदर तोंडाला लावलेले, मोमीनपुऱ्यातून चार माणसं डोक्यावर रुमाल बांधून आलेली. समोरच्या म्हातारीनं तर हेल काढून रडायला सुरुवात केली होती. आणि दारात माझा भाऊ, अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात दाढीचं मशीन, घाबरून सगळ्यांना विचारत होता, "अरे, पण कोण गेलं? सांगा ना, कोण गेलं?"

म्हातारी रडता रडता थांबली आणि म्हणाली, "तूच ना रे बाबा."

मग जो हशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. भाऊ तर उंबऱ्यावर बसूनच हसला. फेस नाकात गेला. जीपवाला कान पकडून उभा होता. पण हसणं चालू असतानाच आई आतून बाहेर आली. तिनं आतून फक्त रडणं ऐकलं होतं. ती कोणाशी बोलली नाही, सरळ भावाजवळ गेली आणि त्याचा फेसानं भरलेला गाल दोन्ही हातांत धरून उभी राहिली. हसणारे एकेक करून मागं सरकले.

आणि मला राग आला. भयंकर राग आला. एवढ्या लोकांनी एवढ्या लवकर विश्वास ठेवला होता. कोणी क्षणभर थांबून विचारलंसुद्धा नाही. म्हणजे सगळ्या गावानं मनात त्याला पोचवूनच ठेवलं होतं. मी धापा टाकत गर्दीत घुसले आणि ओरडले, "तो मरणार नाही! मी त्याले किडनी देऊन राह्यले! डॉक्टर म्हणे वजन कमी करा, म्हणून पळून राह्यले! आणि तुम्ही लोक मले दर खांबाले गाडीत बसवता!"

झालं, गुपित सगळ्या गल्लीत सांडलं. भावाचा दोस्त गर्दीतून पुढं आला. त्याचे डोळे लाल झालेले होते, कारण तोही हातातलं काम टाकून धावत आलेला. तो म्हणाला, "आपा, मंग आधी नाही सांगाचं? आम्ही तुमालेच आडवे येऊन राह्यलो ना." मग जीपवाल्याकडे वळला, "आजपासून आपाले कोणी गाडीत घेतलं तर मी त्याची हवा सोडतो."

संध्याकाळपर्यंत ती बातमी धाडच्या घराघरात गेली, आणि माझं सगळं आयुष्य बदललं. जीपा थांबायच्या बंद झाल्या. आता त्या हळू व्हायच्या आणि खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. "चला ताई, चला! अजून एक खांब!" ओळख ना पाळख, कुठल्या गावाची माणसं, कामाला निघालेली, माझ्यासाठी ओरडायची. रस्त्याच्या कडेला मका वाळत घालणाऱ्या बायका मला पळायला जागा राहावी म्हणून ढीग आत ओढून घ्यायच्या. बाजाराच्या दिवशी मी भजेवाल्यासमोर उभी राहिले तर त्यानं झारा वर धरला आणि म्हणाला, "ताई, तुमाले नाही भेटणार. भाऊचं काम होऊ द्या, मंग पोटभर देतो." मी त्याच्याशी भांडले. खरंच भांडले, कारण भज्यांचा वास जबरदस्त होता. तरी त्यानं दिले नाहीत.

हेल काढणाऱ्या म्हातारीला तर एवढी लाज वाटली की ती दर दोन दिवसांनी मोड आलेली मटकी आणून देऊ लागली. सासूबाईंनी अंथरूण धरलं नाही. दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी माझ्या ताटातली भाकरी मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "द्याची तं दे. पण पळताना कानाले बांधत जा, थंडी लागते." मी एकटीनं लपून जे काम ओढत होते त्याला आता सगळं गाव हात लावत होतं. म्हणून मी बायकांना सांगते, वजन कमी करायचं असेल तर चारचौघांत सांगून टाका. लपून सुरू केलेलं काम लपूनच बंद करता येतं. सांगितलेलं बंद करायची सोय राहत नाही.

मधे एक वाईट महिना आलाच. काटा हलेना. मी तेच खात होते, तेवढंच पळत होते आणि काटा जागचा हलेना. त्यात पोटरी दुखायला लागली. मी चिडून दुप्पट पळायला लागले आणि लंगडत घरी आले. तेव्हा भाऊच म्हणाला, "गाडी गरम झाली की बाजूले लावा लागते ताई. रेडिएटरवर पाणी मारून परत रेस नाही कराची." मी चार दिवस थांबले, नुसती चालले. रविवारी टेप लावला तर कंबर दोन बोटं कमी. काटा तसाच, पण कंबर कमी. मग पुढच्या आठवड्यात काट्यालाही अक्कल आली. दुखत असेल तर थांबा, पण सोडू नका, एवढंच मी त्यावरून सांगते.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नव्हती, ती मला एका सकाळी आपोआप समजली. ऊन नुकतंच वर आलं होतं, दोन्ही बाजूंना हरभरा, रस्ता मोकळा. मी खांब मोजायचेच विसरले होते. पुढच्या गावच्या फाट्यापर्यंत पोचले तेव्हा कळलं की मी मधे कुठं थांबलेच नाही. चाळिशी उलटलेली, दोन पोरांची आई, मी एकटीच रस्त्यावर मोठ्यानं हसले. तोपर्यंत मी भावासाठी पळत होते. त्या सकाळी काही वेळ मी कोणासाठीच पळत नव्हते. मला मजा येत होती. एवढं मोठं ओझं डोक्यावर असताना मजा यावी याचं मला नवल वाटलं, आणि जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

होळीच्या आधी औरंगाबादला गेलो. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, चष्मा लावून बघितलं, परत बघितलं. बीपी घेतलं. मग म्हणाले, "काय केलंत?"

मी म्हटलं, "गावानं केलं."

ऑपरेशन सकाळी झालं, आधी मला आत नेलं, मग भावाला. मी शुद्धीवर आले तेव्हा पोटात दुखत होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. नवरा उशाशी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, पण त्यालाही अजून काही माहीत नव्हतं. किडनी बसवली म्हणजे झालं असं नसतं, ती चालू व्हावी लागते. दुपारी सिस्टर आली, तरुण पोरगी होती, हसतच आली. म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला लघवी सुरू झाली. पिशवी भरली, दुसरी लावली."

हे मी वर कुठं लिहिलं नाही, कारण आमच्या घरातही याबद्दल कोणी बोलत नसे. दीड वर्ष झालं होतं, माझ्या भावाला लघवी जवळजवळ बंदच झाली होती. अंगातलं पाणी अंगातच साचायचं, डायलिसिसचं मशीन ते बाहेर काढायचं. आणि आता पिशवी भरली होती. माझ्या पोटातून निघून त्याच्या पोटात गेलेली एक गोष्ट तिथं काम करत होती.

नवऱ्यानं कधी नव्हे तो आपणहून फोन लावला. जीपस्टँडवर भावाचा दोस्त सकाळपासून गाडी न काढता बसून होता. नवरा बराच वेळ अडखळला, शब्द सापडेना, आणि मग सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला, "भाऊले लघवी झाली!"

पलीकडून एकदम एवढा गलका झाला की नवऱ्यानं फोन कानापासून लांब धरला. दोस्त ओरडत होता, "झाली! झाली! आरे, पेढे आणा बे!" मागं पॅसेंजर विचारत होते की काय झालं, आणि कोणीतरी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होतं. धाडच्या जीपस्टँडवर त्या दुपारी अनोळखी माणसांच्या हातांवर पेढे ठेवले गेले, कारण एका माणसाला लघवी झाली होती. मला हसू आवरेना. प्रत्येक हसण्याला टाके ओढत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती सिस्टर पोरगी "हसू नका ताई, हसू नका" म्हणत माझ्या पोटावर उशी दाबून धरून स्वतःच हसत उभी होती.